पळायला जाताना डोक्यावर काय घालावं

नरवरला लोक किल्ला बघायला जातात, सिंध नदीत बुडी मारायला जातात, किंवा कुणाचं लग्न असलं तर नाइलाजाने जातात. मी पळायला गेलो. परत आल्यापासून ग्वाल्हेरात, म्हणजे आमच्या लष्कर नावाच्या भागात, बाड्याच्या चौकात जो भेटतो तो विचारतो, "काय हो, कसं काय नरवर?" मी "छान" म्हणतो आणि तो माझ्या चालीकडे बघून हसतो. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं. त्या डोंगरात पळायचं मनात असणाऱ्यांना उपयोग होईल. असा कोणी मला अजून भेटलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

पळायची पाळी का आली ते आधी सांगतो. मी जंगलखात्यात रेंजर. ग्वाल्हेर संस्थान होतं तेव्हा रेंजरला घोडा मिळायचा. चाळिशी ओलांडेपर्यंत मी जंगल पाहिलं ते घोड्याच्या दोन कानांच्या मधून. संस्थान गेलं, मध्यभारत आलं, घोडा राहिला. मग मध्यभारतही गेलं, नवं मध्यप्रदेश झालं, राजधानी भोपाळला गेली आणि घोडाही गेला. त्यापाठोपाठ हुकूम आला: जुन्या संस्थानी रेंजरांनी डोंगरवाटेने बारा मैल तीन तासांत पायी काढून दाखवावेत. दाखवतील ते आपल्या जंगलात राहतील. बाकीच्यांना भोपाळच्या कचेरीत टेबल.

टेबलाशी माझं काही वैर नाही. माझ्या पोटाची ठेवण बघून कोणीही म्हणेल की हा माणूस टेबलासाठीच जन्माला आला. पण सुमतीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, लष्करातल्या मुलींच्या शाळेत त्याच वर्षी नोकरी लागली होती. तिने लग्नानंतर मॅट्रिक केलं, इंटर केलं, मग ट्रेनिंग केलं. स्वयंपाक, पाहुणे, दोन आजारपणं, सगळं सांभाळून. पहिल्या दिवशी शाळेला निघाली तेव्हा मी दारात उभा होतो, तर मला ओलांडून गेली. मी दिसलोच नाही तिला. भोपाळला जायचं म्हणजे ही नोकरी सोडायची. तिथे तिला कोण उभं करणार? लोकांना आम्ही "मुलीच्या शिक्षणाचं बघायला हवं" असं सांगत होतो, पण घरात दोघांनाही ठाऊक होतं की प्रश्न आईच्या शिक्षणाचा आहे.

ती एवढंच म्हणाली, "नाही झालात पास तरी चालेल हं."

त्या 'हं' नंतर मी जोडे शोधायला लागलो.

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी पळाल्याचं ऐकिवात आहे ते एकदाच, पानिपतावर. त्याबद्दल आम्ही त्या पूर्वजाचे ऋणी आहोत, नाहीतर आम्ही झालो नसतो. पण त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या सराव नाही. मुलगी तर ऐकून टाळ्याच वाजवायला लागली. "बाबा दौडणार? सच्ची? मैं भी चलूँगी, मला बघायचंय!" तिला काकूकडे ठेवलं, आणि शाळेला सुटी लागताच आम्ही दोघं नरवरला गेलो. परीक्षेची वाट तिथूनच निघणार होती, आणि सुमतीचा भाऊ माधव तिथे नहरीवर, म्हणजे कालव्यावर, ओव्हरसियर आहे.

नरवर

नरवर म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी टेकून बसलेलं गाव. वर किल्ला पसरलेला, खाली सिंध नदीने तीन बाजूंनी मिठी घातलेली. जानेवारीचे दिवस. सरसों, म्हणजे मोहरी, पिवळी झालेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, सकाळी नदीवर असं धुकं की पलीकडच्या काठावरची म्हैस नुसतीच ऐकू यावी. डोंगरात खैर आणि धावडा. धावड्याची पानं त्या दिवसांत तांब्याच्या भांड्यासारखी झालेली असतात. घोड्यावरून मी हे शंभरदा पाहिलं असेल, पण घोडा दम लागून थांबत नसे. मी दर अर्ध्या फर्लांगाला थांबत होतो, त्यामुळे या वेळी डोंगर नीट बघून झाला.

माधवने पहिल्याच संध्याकाळी मला वर्‍हांड्यात उभं करून न्याहाळलं.

"दाजी, बारा मैल?"

"बारा."

"एकदम?"

"हप्त्याने घेत नाहीत म्हणे."

त्याची बायको कमल आतून म्हणाली, "आधी जेवू द्या त्यांना. भरल्या पोटी घाबरा म्हणावं." कमलवहिनींचं पिठलं सरसोंच्या तेलातलं आणि वरणात आमचूर. पुण्याचे आमचे नातेवाईक असलं पिठलं खाताना डोळे मिटतात आणि चांगलं आहे म्हणतात. आम्हाला पुण्याचं पिठलं मिळालं तर आम्हीही तसंच करतो.

माधवने वाट सांगितली. नहरीच्या बांधावरून मैलभर सपाट, मग चढ, चढावर खैरोना, पुढे पठारावरून खोल नाल्यात उतरायचं, पलीकडे पिपरौदा, आणि मग जंगलातून आगरा-मुंबई सडकेवरच्या जंगलनाक्यापर्यंत. "पिपरौद्यापर्यंत जाऊन परत फिरत जा," तो म्हणाला. "सरावाला तेवढं पुष्कळ."

खैरोना

पहिल्या सकाळी मी हाफ पँट, बनियन आणि बोडकं डोकं अशा वेषात निघालो. आमच्या लष्करात मराठी माणूस बोडक्या डोक्याने रस्त्यावर येतो तो मयतीला. हे मला माहीत होतं. पण पळताना टोपी पडणार, आणि डोंगरात आपल्याला कोण ओळखतंय, असा मी विचार केला. हीच ती चूक.

नहरीचा बांध सुरेख. पाण्यावरून वाफ निघतेय, बगळे माझ्याकडे बघून उडण्याचे कष्टही घेत नाहीत. चढ लागला तसा मी हातपाय टेकायच्या बेतात आलो. खैरोन्याच्या पहिल्या घराशी एक म्हातारा पटेल खाटेवर उन्हात बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. उघडं डोकं, फुललेला श्वास, डोळे बाहेर. तो हळूच उठला.

"को मर गओ, भैया?"

मला बोलायला दम नव्हता. मी हात हलवला. त्याचा अर्थ माझ्या लेखी 'कोणी नाही' असा होता.

"लश्कर सें आए?"

मी मान डोलावली. लष्करहून आलो होतोच.

झालं. म्हाताऱ्याचा जावई लष्करच्या दवाखान्यात पडलेला होता, हे मला काय ठाऊक? म्हातारा मटकन खाली बसला. आतून त्याची बायको आली, तिने त्याच्याकडे पाहिलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि हंबरडा फोडला. शेजारणी धावल्या. एक तरुण मुलगी, तिच्या कडेवर मूल, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. ती रडत नव्हती, आणि तेच बघवेना.

जेवढा श्वास होता तेवढा गोळा करून मी ओरडलो, "कोई नहीं मरा! मैं दौड़ रहा हूँ!"

"काए सें?" म्हातारा म्हणाला.

"ऐसे ही."

ऐसे ही! माणूस ऐसे ही पळतो, हे त्या डोंगरात कोणी ऐकलेलं नव्हतं. चार जणांनी मला चारदा विचारलं की नक्की कोणी मेलं नाही ना. मी चारदा शपथ घेतली, शेवटची गंगेची. मग म्हातारी पदराने डोळे पुसत हसायला लागली आणि कडेवरच्या मुलाची आई आत पळाली ती मठ्ठ्याचा लोटा आणि गुळाचा खडा घेऊन आली. मला वाटलं आता बदडतील. पण ज्याच्या तोंडून मरण येणार होतं आणि आलं नाही, तो त्यांच्या हिशेबी देवमाणूस ठरला. पटेल म्हणाला, "अब तुम हमाए मामा." मी त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी तरी लहान असेन, पण नातं ठरलं. पुढच्या वेळी जेवल्याशिवाय जाणार नाही, असं कबूल करूनच सुटका झाली.

त्या दिवशी पिपरौदा राहिलं.

पिपरौदा

दुसऱ्या दिवशी डोकं झाकलं. ट्रंकेत जुना खाकी साफा होता, तो कसून बांधला. त्यावर संस्थानाचा पितळी बिल्ला तसाच होता, तो काढायचं लक्षात आलं नाही. जेवणाचं वचन टाळायला खैरोन्याला बाहेरून वळसा घातला आणि नाला उतरून पिपरौद्याच्या चढाला लागलो, तर वाटेत एक पांढऱ्या मिशांचा माणूस टाचा जुळवून सलाम ठोकून उभा. संस्थानाच्या फौजेतला जुना शिपाई.

"हुजूर, दरबार की सवारी आ रई? शिकार को?"

मी थांबलो. थांबायला निमित्त हवंच होतं. त्याला समजावलं की दरबार आता शिकारीला येत नाहीत, संस्थान मध्यभारतात गेलं, मध्यभारत मध्यप्रदेशात गेलं, आणि आता सगळं भोपाळहून चालतं.

त्याने सलामाचा हात खाली घेतला. "वाह साब. हम जई पेड़ के नीचे बैठे रए, और तीन राज ऊपर सें निकर गए." मग थोडा विचार करून म्हणाला, "तौ कुआँ को झगड़ो अब कौन सुनहै?"

तो झगडा मी ऐकला. दोन्ही पक्ष आले, विहीर दाखवली, विहिरीत पडलेली भिंत दाखवली. मी निकाल दिला नाही, कारण मला अधिकार नव्हता. पण उन्हं डोक्यावर येईपर्यंत ऐकून घेतलं, आणि त्यावरच दोन्ही पक्ष खूश दिसले. परत येताना चाललोच.

तिसऱ्या दिवशी माधवची पांढरी गांधी टोपी घातली आणि पुन्हा तोच वळसा घेतला. निवडणुका जवळ होत्या. पिपरौद्याच्या अलीकडे गुराख्यांनी मला हार घातला, झेंडूचा नव्हे, सरसोंच्या फुलांचा, आणि सडकेवर दोन शब्द बोला म्हणाले. सडक व्हायला हवी, एवढं मी पळता पळता बोललो. टाळ्या पडल्या.

घरी येऊन मी पायऱ्यांवरच बसलो. "माधवा, डोकं उघडं ठेवलं तर मयत, साफा बांधला तर दरबार, टोपी घातली तर चुनाव. पळायचं कधी?"

सुमती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "अजून एक मैलसुद्धा सलग झाला नाही ना?"

"होईल."

"होईल म्हणजे कधी? परीक्षा तीन दिवसांवर आली." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "हेडबाईंना मी सांगून आलेय, वर्ग दुसऱ्या कोणाला देऊ नका, मी येणार आहे. का बोलले कोण जाणे."

उत्तर कमलवहिनींनी काढलं. त्या आत गेल्या आणि पितळेचा लोटा घेऊन आल्या.

"हा हातात धरा भाऊजी. पाणी भरून. आणि डोक्याला वाट्टेल ते गुंडाळा."

"लोटा?"

"सकाळच्या पारी लोटा घेऊन धावणाऱ्याला साऱ्या हिंदुस्थानात कोणी अडवत नाही."

पुढचे दोन दिवस मी खऱ्या अर्थाने पळालो. लोक नुसते अडवायचे थांबले नाहीत, वाट सोडून बाजूला व्हायचे. बायका तोंड फिरवायच्या. एका बैलगाडीवाल्याने माझ्यासाठी गाडी बांधाखाली उतरवली आणि कळवळून म्हणाला, "जाओ भैया, जल्दी जाओ." लष्करला असं कोणी पळालं तर दहा मित्र हाका मारून विचारतील, काय झालं, काल काय खाल्लंस. खेड्यात माणसाला काही गोष्टींत एकटं सोडण्याची रीत अजून शिल्लक आहे. मी पिपरौद्यापर्यंत गेलो आणि परत आलो, आणि तेव्हा पहिल्यांदा त्या वाटेचा आनंद झाला. पठारावर ऊन येतं तेव्हा खालची नदी आधी दिसत नाही, आधी चकाकतो तो नुसता तिचा एक वाक. मग धुकं फाटतं आणि किल्ल्याची भिंत डोंगराच्या कडेने चालत निघाल्यासारखी दिसते. चितळांचा कळप नाल्यात पाणी पीत होता. लोट्याकडे बघून त्यांनीही मान फिरवली.

नाक्यापर्यंत

परीक्षेच्या दिवशी नहरीच्या बांधावर आम्ही आठ-दहा जण उभे होतो. कोणी इंदूरकडचा, कोणी शिवपुरीचा. माझ्याहून वयाने मोठा कोणी नाही, पोटाने मोठा एक होता. त्याला बघून मला धीर आला. परीक्षा घ्यायला आलेले साहेब नागपूरचे होते, बोलायला गोड. त्यांनी माझा लोटा पाहिला.

"हे काय राजेहो?"

"सवय आहे."

"ठेवा तो. रिकाम्या हाताने जायचं."

सुमती आणि माधव बसने पुढे नाक्यावर गेले होते. साहेब जीपने जाणार होते. शिट्टी झाली आणि आम्ही निघालो.

चढ चांगला गेला. तिघं पुढे, मी चौथा. खैरोन्याचं पहिलं घर दिसलं आणि माझ्या लक्षात आलं की घात झाला. लोट्यामुळे दोन दिवस मला कोणी हटकलं नव्हतं, पण ओळखत सगळेच होते. आज मी खाकीत होतो आणि हात मोकळे होते. म्हणजे बोलायला मोकळा!

"मामा आ गए!"

पटेलाची म्हातारी परात घेऊनच बाहेर आली. परातीत रसखीर, उसाच्या रसात शिजवलेला भात, गरम, वर साय. जावई दवाखान्यातून बरा होऊन आला होता. तो माझ्या पाया पडला. मग त्याची बायको, मग मुलाला वाकवून त्याच्याकडून. मी म्हणत होतो, "बाद में, बाद में," आणि म्हातारी म्हणत होती, "वचन दओ तो मामा, खाए बिना नईं जाने." मागून एक जण पुढे गेला. दुसरा गेला. तो पोटवाला इंदूरकरसुद्धा गेला, आणि जाताना परातीकडे बघून गेला.

मी उभ्या उभ्या चार घास घेतले. तोंड भाजलं. शेवटी पटेलाचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "पटेल, आज ऐसे ही नहीं दौड़ रहा. आज इम्तहान है. देर हुई तो मुझे भोपाल भेज देंगे."

पटेलाचा चेहरा उतरला. "भोपाल? काए, का जुर्म करो तुमने?"

"और घरवाली की नौकरी छूट जाएगी."

हे त्याच्या जास्त लक्षात आलं. त्याने परात म्हातारीच्या हातात परत दिली, घरामागच्या खडकावर चढला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून नाल्यापलीकडे हाक घातली. त्या डोंगरात लोक एकमेकांशी असंच बोलतात, बैल हरवला, लग्न ठरलं, सगळं या काठावरून त्या काठावर.

"ओऽऽ पिपरौदावारे होऽऽ! मामा आ रए! रोकियो मतऽऽ! काऊ ने रोको तो हमसें बुरो कोऊ नईंऽऽ!"

पलीकडून कोणीतरी होऽऽ दिलं. मी पळालो. नाला उतरताना दोनदा बसलो, एकदा मुद्दाम आणि एकदा घसरून. वर चढून पिपरौद्याच्या तोंडाशी आलो तर काय पाहावं! तो पांढऱ्या मिशांचा शिपाई वाटेच्या मधोमध उभा, आणि गाव दोन्ही बाजूंना रांग लावून. बायकांनी वासरं गळ्याला धरून मागे ओढलेली. विहिरीच्या भांडणातले दोन्ही पक्ष शेजारी शेजारी. शिपाई माझ्या पुढे पळायला लागला. "हटो, हटो! चलत रओ साब! बाएँ, दाएँ! बाएँ, दाएँ!"

इथे माझ्या पोटातल्या रसखिरीने डोकं वर काढलं. गोडाने घसा चिकटला होता. मी हात पसरून म्हटलं, "पानी!"

कोणी हललं नाही. एका बाईच्या हातात भरलेली कळशी होती. ती तिने पाठीमागे लपवली.

"पानी पिलाओ कोई!"

"हुकुम नइयाँ, साब," शिपाई पळता पळता ओरडला. "रोकवे की मनाई है. पैलें नाको!"

सगळं गाव माझ्याकडे मायेने बघत होतं आणि थेंबभर पाणी देत नव्हतं. गावाच्या शेवटी शिपायाचाही दम संपला. तो थांबला, टाचा जुळवल्या, आणि मी पुढे निघून गेलो. आयुष्यात मला मिळालेला हा एकच सलाम, जो मी परत केला नाही; हात वर उचलणं जमलं नसतं.

पुढचं जंगल मला आठवत नाही. एवढं आठवतं की तो इंदूरकर वाटेच्या कडेला झाडाला टेकून बसला होता आणि म्हणाला, "तुम्ही जा हो, मला टेबल आवडतं." धावडे संपले, उतार लागला, सडकेवरच्या ट्रकचा आवाज आला. मग नाक्याचा आडवा बांबू, जीप, आणि जीपशेजारी सुमती. ती माझ्याकडे बघत नव्हती. साहेबांच्या मनगटाकडे बघत होती.

मी बांबूला धरलं. साहेबांनी घड्याळ कानाशी लावलं, मग पुन्हा पाहिलं. मला वाटलं त्यांना किल्ली द्यायला हवी की काय.

"वेळेत बसलं बाप्पा," ते म्हणाले. "थोडक्यात बसलं, पण बसलं. राहा आपल्या जंगलात."

माधवने शिट्टी मारली. सुमती तांब्या घेऊन पुढे आली आणि वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाली, "लगेच पाणी पिऊ नका. आधी श्वास घ्या. उभे राहा सरळ."

मी सरळ उभा राहिलो. आणि ती, तांब्या हातातच, सडकेच्या कडेला धुळीत खाली बसली. काठाची चांगली साडी नेसली होती. माधव धावला, "ताई, ताई, काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही रे. पाय गेले."

पळालो होतो मी, आणि पाय तिचे गेले. मी तिच्या शेजारी बसायला गेलो, पण गुडघे वाकेनात. म्हणून बांबूला धरून उभाच राहिलो, आणि ती खालून माझ्याकडे बघून हसत राहिली. पाणी शेवटी दोघांनी मिळून संपवलं.

लष्करला आलो. सोमवारी ती शाळेत गेली. मी अजून रजेवर आहे. जिना अजून पाठमोरा उतरावा लागतो.